शेंदराखालची नावं

ऐंशीच्या दशकात मी मध्य प्रदेशातल्या सौंसरहून सकाळच्या बसनं मॅंगनीजच्या खदानीवरच्या शाळेत शिकवायला जायची. खदानीच्या वाटेवर चिंचेखाली शेंदूर फासलेला एक उंच दगड होता. दोन वर्षं मी त्याला जाता-येता हात जोडले. बदली सौंसरात होऊ दे म्हणून नवससुद्धा बोलले. मग कळलं, तो देव नव्हेच. दुसऱ्या महायुद्धात इथले जे मजूर इंग्रजांच्या फौजेत गेले आणि परतले नाहीत, त्यांच्या नावांचा तो दगड, खदानीच्या साहेबानं उभा केलेला. सुरुंग लावायला जाणाऱ्यांनी कधीतरी बोटभर शेंदूर लावला, त्यांचं पाहून बाकीच्यांनी लावला, आणि चाळीस वर्षांत नावं पार बुडाली. म्हणजे मी बिचाऱ्या सैनिकांकडे बदली मागत होते. बसमध्ये एकटीच हसत घरी आले.

हे मला सांगितलं शाळेत पाणी भरणाऱ्या आजीनं. "बाई, माह्या मालकाचं नाव हाय त्या गोट्यावर," ती म्हणायची. लग्नाच्या वर्षभरात नवरा लढाईवर गेला, तो गेलाच. सासरचं कुणी उरलं नव्हतं, जुने मजूर कधीचे पांगले होते. नव्या बाया तिची टर उडवायच्या, "काय नाव हाय ते तर सांग, आजी." तिथंच गाडी अडायची. नवऱ्याचं नाव ती घेईचना. "कसं घेऊ वं? कधी घेतलंच नाही." मरायच्या आधी ते नाव दगडावर आहे एवढं तिला कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं.

शेंदूर काढायची परवानगी मागायला मी गावच्या पटेलांकडे गेले. "देवाला खरडता का बाई?" ते म्हणाले. माझा पारा चढला. वर्गातल्या पोराला झापावं तसं मी त्यांना झापलं, आणि काम होतं ते आणखी बिघडवून आले. तोडगा शेवटी आजीनंच काढला. "पटेलबुवा, देवाचे कपडे बदलवून राहिलो असं समजा ना. जुनी खोळ कन्हान नदीत सोडू." पटेल लगेच राजी झाले. नारळ उलट त्यांनीच आणला.

रविवारी सकाळी सारी वस्ती चिंचेखाली. गरम तेल ओतून लाकडाच्या पट्टीनं शेंदूर सोडवला, त्याची ढेपळं टोपल्यात भरली. बाया गाणी म्हणत होत्या, पटेल बाह्या सारून सगळ्यांच्या पुढे. इतकी मजा मला माझ्या लग्नातही आली नव्हती. आणि खालून निघाली आठ नावं.

"आजी, यातलं कोणतं?" मी विचारलं. ती नाव थोडीच घेणार? मग मी हजेरी घेते तसं वरून एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागले. पहिलं, दुसरं, तिसरं. आजी जमिनीकडे बघत उभी. नाव निघालंच नाही तर या म्हातारीला काय तोंड दाखवू? चौथं, पाचवं.

सहावं वाचलं आणि आजीनं झटकन डोक्यावरून पदर पुढे ओढला, नवरा घरात आल्यावर नवी नवरी ओढते तसा.

"बाई, परत घ्या ना," पदराआडून ती म्हणाली.

मी परत घेतलं. साठीची ती बाई भर उन्हात, पदर धरून, लाजत उभी होती.