माळावरची एकुलती खरपुडी

आटपाडीच्या पूर्वेला जो माळ आहे, त्यावरची निम्मी झाडं सोपानभाऊंनी लावली आणि त्यातल्याच वीस एकरांतली त्यांनीच उपटली. दोन्ही वेळा रोजंदारीवर. "लावतानाबी खड्डा, काढतानाबी खड्डा," असं ते हसून सांगायचे. माणूस मोठा थट्टेखोर. मी तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, पण माझ्या पदवीची त्यांनी केली तेवढी टिंगल माझ्या विद्यार्थ्यांनीही केली नसेल.

झाड होतं उंदीरमारी. परदेशातून आणलेलं, भराभर वाढणारं आणि शेळीसुद्धा नाक मुरडेल असलं. पस्तीस वर्षांपूर्वी उघडा माळ हिरवा करायचा हुकूम आला, तेव्हा विशीतले सोपानभाऊ आई बनाबाईंबरोबर कामावर गेले. माळ उघडा नव्हताच. त्यावर गुडघाभर गवत होतं आणि गवतात खरपुडी होती. खरपुडी म्हणजे नाजूक वेल, कंदिलासारखं फूल आणि जमिनीखाली पाणीदार, गोडसर कंद. खुरपायला गेल्यावर बनाबाई लहानग्या सोपानला तो सोलून द्यायच्या. उंदीरमारीची सावली दाटली तसं गवत गेलं, खरपुडीही गेली. "आमीच गाडली तिला, आमच्याच हातानं," असं भाऊ म्हणायचे, आणि तेव्हा मात्र हसायचे नाहीत.

चारेक वर्षांपूर्वी मी पुष्कळ खेटे घालून वीस एकरांतली उंदीरमारी काढायची परवानगी मिळवली. राखणीला भाऊच होते. गवत परतलं. पवन्या आला, कुसळी आली. वनखात्याचे साहेब बघायला आले आणि मोज्यांतली कुसळं उपटत म्हणाले, "गवत काय, कुठंही उगवतं. दुर्मीळ असं काही दाखवा. सप्टेंबरात येतो. नाहीतर पुढच्या वर्षी इथं परत लागवड." मला इतका संताप आला की मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

ऑगस्टच्या शेवटी भाऊंचा फोन आला. "जयभीम म्याडम. घावली."

सपाट खडकाच्या कडेला एकच वेल होता. त्याला दोन कळ्या. फूल उमलल्याशिवाय जात पक्की सांगता येत नाही, आणि साहेब गुरुवारी येणार होते. आमच्याकडं खरपुडी दिसली की कंद भरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी रीत आहे. सांगितलं की दुसराच खणून नेतो. भाऊंना ही सवय बनाबाईंनीच लावलेली. आणि वर मी शहाणी! मीही बजावलं, "कुणाला सांगू नका. घरातसुद्धा नाही." त्यांनी ऐकलं.

पुढचं मला त्यांच्याकडूनच कळलं. बुधवारी संध्याकाळी ते घरी गेले, तर बनाबाई दारात वाट बघत बसलेल्या. भाऊ दुसऱ्या टोकाला राखणीवर असताना त्या सरपणाला म्हणून माळावर गेल्या होत्या. पंच्याहत्तरी उलटलेली बाई, पण खडकाची ती कड त्यांच्या पायांना ठाऊक होती. ताटलीत सोललेले पांढरे तुकडे होते. स्वतः त्यांनी एकही तोंडात टाकला नव्हता.

"खा. ल्हान असताना रडून मागायचास."

भाऊ ताटलीकडं बघत राहिले. मग खाली बसले आणि एकेक करून सगळे तुकडे खाल्ले.

"ग्वाड हाय का रं?"

"लय ग्वाड हाय, आये."

"मुंडकं येलासकट परत पुरून आलीया. फुडच्या सालाला आनिक व्हईल."

मी भाऊंवर चिडले. निदान तेव्हा सांगायचं तरी आईला, काय खणून आणलं ते, मी म्हणाले. "सांगून काय करू?" ते म्हणाले. "तिनं माज्यासाटी आनली हुती. खाल्ली."

गुरुवारी साहेबांनी खडकाशेजारचा सुकलेला वेल पाहिला. मी पानांचे फोटो दाखवले. कंदाचं मुंडकं जिवंत आहे, एक वर्ष थांबा, म्हणून हात जोडले. ते अगदी सभ्यपणे ऐकत होते. असलं सभ्य ऐकणं मला शिवीपेक्षा जास्त झोंबतं. वीस एकरांची फाईल त्याच आठवड्यात बंद झाली.

मे महिन्यात खड्ड्यांचं काम निघालं. चुन्याच्या फक्कीच्या ओळी आणि तीन-तीन मीटरवर खुणा. खणायला भाऊच होते, उन्हाळ्यात दुसरं काम कुठलं मिळायला? मी परीक्षेचे पेपर तपासत होते, तेव्हा फोन आला.

"म्याडम, फक्कीची खून बरुबर तिच्यावरच आली."

"मग हातभर बाजूला घ्या खड्डा."

"घेतला हुता. मुकादमानं बुजवाय लावला. वळ सरळ पायजे म्हनला."

"मग?"

"मग मारला तितंच. कंद हुता आत. वर बारीक डोळाबी फुटला हुता. टिकावानं दोन तुकडं झालं."

मला रडू येत होतं आणि त्यांना ते ऐकू जाऊ नये म्हणून मी फोन लांब धरला. पलीकडं टिकाव दगडावर आपटत होते.

"आयेला येवडं सांगू नका," भाऊ म्हणाले.

जूनमध्ये आठवडी बाजारात बनाबाई भेटल्या. माझा हात धरून त्यांनी विचारलं, "काय वं बाई, खरपुडी वर आली का? माजं गुडगं आता चालत न्हाईत."

"अजून म्हणावा तसा पाऊस नाही, मावशी," मी म्हणाले.