छातीवरचा बिल्ला

अंबरपेठच्या बस-स्टॉपवर ती गजरे विकायची. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटरचं वारं शिरलं होतं आणि मी मात्र अणुरसायनाच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते. "किरणांत काम करणारीला कोण सून करून घेणार?" ही आईची रोजची ओरड.

एका सकाळी त्या गजरेवालीनं माझ्या छातीकडे बोट दाखवलं. "ये कायका बिल्ला?"

आदल्या दिवशी तो प्रयोगशाळेत काढून ठेवायला मी विसरले होते. अंगावर किती किरणं पडली ते यावरून मोजतात, मी म्हटलं.

रापलेला हात कपाळावर धरून ती हसली. "मेरी धूप तो कोई नै गिना, अम्मा. तेरी गिनते! बड़ी है तू."

तेवढ्यात माझी बस सुटली. टोपली टाकून ती आडवी धावली आणि कंडक्टरवर ओरडली, "रुक रे! बिल्लेवाली मॅडम आरी!"

अख्खी बस माझ्यासाठी थांबली. मी ताठ मानेनं चढले.