डोक्यावर नसलेली टोपी

परवा दवाखान्यात आमच्या ह्यांनी मला डोक्यावर पदर घ्यायला सांगितलं... आणि मी आनंदानं रडले.

(नात प्राजक्ता म्हणतेय, "आजी, लोक भडकतील." भडकू दे. आधी पुरतं वाचा म्हणावं. मला लिहिता येत नाही, मी बोलते आणि ती मोबाईलवर टाईप करते. मधे स्वतःचं काही घालायचं नाही, असं ठरलंय.)

तर, ह्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव वाचला, पण नुसते छताकडं बघत पडून राहायचे. डॉक्टरीण रोज माझ्याकडं बोट करून विचारायची, "बाबा, ह्या कोण?" आणि हे असे बघायचे, जशी बसस्टँडवर कुणी परकी बाई शेजारी येऊन टेकलीय...

ओळख राहिलीय की नाही, सांगता येत नाही म्हणाली. मी वरवर म्हणायचे, "लग्नातसुद्धा असेच बघत होते." पण आतून हबकले होते. माणूस समोर जिता आहे आणि त्याच्या लेखी आपण कुणीच नाही...

आता थोडं मागचं. करमाडजवळच्या गावात नांदायला आले, तेव्हा थोरल्या दिरांसमोर डोकं उघडं चालायचं नाही. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची तर सोयच नव्हती. आणि भाकरी थापायला बसलं की माझा पदर हमखास घसरायचा.

मग हे ओसरीवर बसून पहारा करायचे. थोरले येताना दिसले की कपाळाशी दोन बोटं नेऊन टोपी सारखी करायचे. मी पदर ओढायचे आणि कळलं म्हणून बांगड्या वाजवायचे. गावाला वाटायचं, पोरगा लई टापटिपीचा, टोपी जरा वाकडी झालेली खपत नाही!

पुढं शहरात आलो. ह्यांची टोपी सुटली, माझा पदर खांद्यावर आला. ती खूण मी पार विसरून गेले होते.

परवा थोरले दीर गावाहून भावाला बघायला आले. आता नव्वदीला टेकलेत, पण फेटा तसाच. दारात त्यांची काठी वाजली... आणि ह्यांनी मान वळवली. आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं. डावा हात हळूहळू वर गेला आणि दोन बोटं कपाळाला टेकली.

"आबांचं डोकं दुखतंय!" आमचा पोरगा संजू घाबरला. डॉक्टरीण बॅटरी घेऊन डोळे तपासायला लागली. दीर म्हणाले, "मला रामराम करतोय त्यो."

मी आपला हात माझ्या डोक्यावर नेला... डोकं उघडं!

पदर ओढला. ह्यांचा हात खाली आला.

मला वाटलं, आपलंच मन खेळतंय. म्हणून पदर मुद्दाम हळूच पाडला. हात पुन्हा वर! आणखी एकदा पाडला, तेव्हा तर असा डोळा वटारला की विचारू नका. मग पदर नीट घेतला आणि बांगड्या वाजवल्या. तोंडाचा जेवढा कोपरा हलतो, तेवढा हलला...

डॉक्टरिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, म्हणजे बाबांनी तुम्हाला ओळखलं!"

म्हटलं, "मला ओळखलं, भावालाही ओळखलं. आणि अजून त्यांना भितात, हेही कळलं."

दीर काठी आपटत म्हणाले, "आरं, माझ्या पाठीमागं हे धंदे चालायचे व्हय? आन् आता कशाला भितो रं? घसरू दे की तिचा पदर!"

डोळे पुसायला मला तोच पदर कामाला आला.

अजून शब्द फुटलेला नाही. बोलायचे व्यायाम चालू आहेत, येईल हळूहळू. आमचं निम्मं आयुष्य तसंही न बोलता झालंय, मला सवय आहे.

आज सकाळी मी उघड्या डोक्यानं त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. खोलीत आम्ही दोघंच. ह्यांनी मला बघितलं, दाराकडं बघितलं, पुन्हा मला बघितलं... आणि हात जागचा हलला नाही.

देवा, एवढं शाबूत ठेवलंस, लई झालं.