नव्या भागासाठी काढलेली रजा

जेऊरच्या स्टेशनात गाडी दोनच मिनिटं थांबते. तेवढ्यात आप्पांनी माझ्या दोन बॅगा आत ढकलल्या, आईने जेवणाचा डबा दिला आणि माझा धाकटा भाऊ पप्या खिडकीचे गज धरून म्हणाला, "आक्का, नेट बघून घर घे." आईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. लेक परदेशी निघाली आणि याला खेळाची पडलीय, असं तिचं म्हणणं. नोकरीसाठी जर्मनीत स्टुटगार्टला आल्यावर मी खरोखरच आधी नेट बघितलं आणि मग खोली.

खेळ लढाईचा. चौघांची तुकडी, हातात बंदूक, समोर शत्रू. माझ्या इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी म्हणून आप्पांनी कॉम्प्युटर घेतला आणि आम्ही बहीणभावांनी त्यावर पहिल्याच आठवड्यात युद्ध पेटवलं. "पोरीच्या जातीला बंदुका कशाला पायजेत," आई म्हणायची आणि पाच मिनिटांनी ब्लाऊज शिवता शिवता विचारायची, "जिकलीस का?" तिचं शिलाई मशीन त्याच खोलीत होतं. मापं द्यायला आलेल्या बायका माझा नेम बघत बसायच्या आणि आमच्यासाठी टाकलेला चहा पिऊन जायच्या.

आता दर शनिवारी इथे दुपारचे दोन वाजले, की जेऊरला साडेपाच होतात आणि आम्ही खेळायला बसतो. पप्या माईक कधी बंद करत नाही. एकदा तुकडीतल्या पोलंडच्या गड्याने विचारलं, तुमच्याकडे ही कुठली मशीनगन आहे, मला तर मिळाली नाही. आईचं शिलाई मशीन होतं ते. मी मुद्दाम सांगितलं नाही, बिचारा दोन आठवडे शोधत होता.

व्हिडिओ कॉलवर आई पदर नीट करून बसते आणि सगळं बरं असल्याचं सांगते. पप्याच्या माईकमधून खरं घर ऐकू येतं. उठताना ती गुडघा धरून कण्हते, आप्पांवर करवादते, दोरा तुटला की मशीनला शिव्या घालते. गाव सोडून आलेल्या तुम्हा सगळ्यांकडे अशी एखादी फट असेलच. मागे राहिलेल्यांनी रागावू नका. तुम्ही कॉलवर सांगत नाही, म्हणून आम्हाला चोरून ऐकावं लागतं.

तर आमच्या या खेळाचा नवा भाग येतोय, बऱ्याच वर्षांनी. ट्रेलर मी इतक्यांदा थांबवून थांबवून बघितलाय, की बर्फातल्या त्या पुलावर कुठे दबा धरायचा ते आत्ताच ठरलंय. ऑफिसात बसवत नाही, घरी चैन पडत नाही, उगाच किचनपर्यंत जाऊन परत येते. तो येईल त्या आठवड्यासाठी मी उरलाउब, म्हणजे रजा, मंजूर करून घेतली होती. मग खेळाच्या कंपनीने तारीख पुढे ढकलली. रजाही पुढे सरकवायची म्हणून मी मॅनेजरशी तासभर हुज्जत घातली. जेऊरला जाण्यासाठी मी तिच्याशी पाच मिनिटंही भांडले नव्हते. हे तेव्हा ध्यानातही आलं नाही.

ते ध्यानात आलं मागच्या शनिवारी. खेळ ऐन भरात होता. आईकडे कुणी शेजारीण आली असावी, कारण पप्याच्या मागून आवाज आला, "लेक कवा येती तुमची?"

आई म्हणाली, "येती म्हनती लई. पर रजाच न्हाय तिला. हापिसातनं सोडतच न्हाईत."

रजा मंजूर झाल्याची मेल माझ्या दुसऱ्या स्क्रीनवर उघडी होती. माझा सैनिक उघड्या माळावर तसाच उभा राहिला आणि मेला. समोरचा दिसला नाही का, असं पप्याने विचारलं. शेजारीण गेली, आई भाकरी टाकायला आत गेली, तेव्हा मी त्याला विचारलं, आईला माझ्या रजेचं ठाऊक आहे का.

"हाय की. मीच सांगितलं," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय न्हाय. घिऊ दे म्हनली. मला हेडफोन लावू देत न्हाय ती, स्पीकरवर ठेव म्हनती. तू रोज खेळनार म्हून तुझ्या रजेच्या आठवड्याची शिलाई बी घेतली न्हाय तिनं. मशीन चालू आसलं की तू ऐकू येत न्हाईस."

मी खेळ बंद केला आणि रडले. चोरून ऐकणारी मी एकटीच, असं मला वाटत होतं. खेळाच्या तारखेकडे मी डोळे लावून बसले होते, तशीच तीही बसली होती, आणि वर माझी लाज राखायला शेजारणीशी खोटं बोलली होती.

रजा तीच ठेवलीय, जेऊरला जायचं तिकीट तेवढं काढलं. नवा भाग जेऊरच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालणार नाही, असं पप्याचं मत आहे. न चालो. आईला अजून काही कळवलेलं नाही. इथे कुणी घर कुठे विचारलं, की मी स्टुटगार्टचा पत्ता देते आणि तो खोटा नाही. पण माझा आवाज यावा म्हणून हातातलं काम बाजूला ठेवणारं माणूस जेऊरच्या त्या खोलीत आहे, आणि तिथे पोचेपर्यंत मला काही बसवणार नाही.