तीन पाकिटांचं लोणचं

लग्न होऊन मी मुधोळहून जैनथकडच्या या गावात आले, त्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी मला कैरीच्या लोणच्याचं माप सांगितलं. मोठी चिनी मातीची बरणी, गळ्यापर्यंत फोडी, आणि शेंगदाण्याच्या तेलाची तीन पाकिटं. तीन म्हणजे तीनच. वाटी, चमचा, किलो असलं त्यांच्याकडे काही चालत नसे. बरणी त्यांची, पाकीटही वर्षानुवर्षं एकाच कंपनीचं, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नव्हता. त्या वर्षी तर त्या खुशीत होत्या. आदिलाबादच्या बाजारातून आल्या आल्या म्हणाल्या, "यंदा तेलाचा भाव नाई वाढला. सारं महाग झालं, पण हे कंपनी इमानदार हाय."

तेल तापवून गार केलं आणि ओतलं. फोडी वर डोकावत राहिल्या. मी तसं म्हटलं, तर उत्तर आलं, "मुरलं का सुटते तेल वर. आमी काय आजच करून राह्यलो का लोणचं?" नव्या सुनेनं यापुढे बोलायचं नसतं. माझ्या स्वभावाला ते जड गेलं, पण गप्प बसले.

श्रावणात बरणी उघडली तर वर पांढरी बुरशी. सासूबाईंनी आधी बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाहेरची असताना शिवली का तू?"

पाळीच्या दिवसांत लोणच्याला हात लावला तर ते नासतं, असं आमच्याकडे घराघरांत मानतात. तेव्हा मीही मानत होते, आणि खरंच हात लावला नव्हता. तसं सांगितलंही. "मंग काय उंदरानं झाकण काढलं?" त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. पोळ्याला माहेरी फोन केला तर आईच्याही कानावर गेलेलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मी तुले सारं सांगून पाठवलं होतं ना बाई?" तिच्या शिकवणीवर बोट ठेवलं गेलं, याचं मला सगळ्यात जास्त लागलं. अजून लागतं.

दसऱ्याच्या सुमारास तेलंगणात आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. माझं माहेर निर्मल जिल्ह्यात गेलं आणि सासर आदिलाबादमध्येच राहिलं. सासरे मला परजिल्ह्यातली सून म्हणून चिडवू लागले.

दिवाळीचं तळण करताना मी नवं पाकीट कापून स्टीलच्या डब्यात ओतलं. एका पाकिटानं तो काठोकाठ भरतो, असं सासूबाईच सांगत. तो भरला नाही. अंगणात सासऱ्यांनी तेलाच्या गेल्या वर्षीच्या पाकिटांत माती भरून वांग्याची रोपं लावली होती. त्यातलं एक उचललं, चिखल पुसला आणि दोन्ही शेजारी धरली. चित्र तेच, रंग तोच, लांबीरुंदीही तीच. तळाच्या बारीक अक्षरांत मात्र नव्या पाकिटाचं वजन घटलं होतं.

सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं आणि हसले. "हे आपल्या जिल्ह्यासारखंच झालं. नाव आदिलाबादच, आत चौथाई उरलं."

मला हसू आलं नाही. मी दोन्ही पाकिटं सासूबाईंसमोर ठेवली. त्यांनी दोन्ही उलटसुलट करून पाहिली. "तेल कमी पडलं असंल," त्या म्हणाल्या. "पण आता गल्लीत काय सांगत फिरू मी?" कंपनीवर त्या रागावल्या नाहीत. कंपनीच्या आईनं तिला काय शिकवलं, हे कुणी विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी काही न बोलता चौथं पाकीट फोडलं. तेल फोडींच्या वर दोन बोटं उभं राहिलं. मी मात्र पेटले होते. त्या वर्षी पाळी आली की मी घरात दोन दिवस उशिरा सांगायचे, आणि तोवर मुद्दाम माझ्या हातानं लोणचं काढून सगळ्यांच्या ताटात वाढायचे. पावसाळा सरला, बरणीत बुरशीचा ठिपका नाही.

एकदा शेजारच्या काकू वाटीभर लोणचं न्यायला आल्या. सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "यंदा सुनेनं शिवाशिव पाळली. पाहा कसं टिकलं."

मी चुलीपाशी होते. उठून बाहेर आले. "आत्याबाई, मी दर पाळीत याच हातानं काढलं," मी सासूबाईंना म्हटलं. "टिकलं ते चौथ्या पाकिटानं."

काकूंनी वाटी तिथेच ठेवली आणि काम आठवल्यासारखं करून गेल्या. सासूबाईंनी झाकण काढलं, वास घेतला, एक फोड बोटांनी दाबून पाहिली. फोड कडक होती. सकाळीच त्यांनी तेच लोणचं भाकरीशी खाल्लं होतं. तरी बरणी कडेवर घेऊन त्या मागच्या उकिरड्यावर गेल्या आणि सगळं ओतून आल्या.

रिकामी बरणी घासायला मात्र माझ्याकडेच दिली.