जावेच्या पाठीचं माप

कंपनीतल्या मुली मला म्हणतात, "मॅडम, तुमची स्टाइल भारी आहे हं." मी हसून सोडून देते. स्टाइल कसली माझी! माझ्या अंगावरचं विणलेलं जे जे लोकांना आवडतं, ते माझ्या मोठ्या जावेनं ठरवलेलं आहे. सुया माझ्या, डोकं तिचं. गेल्या माघात ती गेली.

चाकणच्या एका कंपनीत मी स्टोअरला आहे. पहिल्या शिफ्टची बस रहाटणीत अंधारातच येते, आणि ऑफिसात बारा महिने एसी. आमच्याकडे खरी थंडी ती किती दिवसांची, पण मला मे महिन्यातही अंगावर काहीतरी लागतं. म्हणून विणायला लागले. पहिलं विणलं ते फिक्या गुलाबी रंगाचं, पुढे फुलं, गळ्याला गोंडे. शेजारणीचं बघून केलेलं. मोठ्या हौसेनं घालून खाली तिच्याकडे गेले. तेव्हा आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ते लोक खाली, आम्ही वर. तिनं मला नखशिखांत बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, तापातून उठलीस का काय?"

असा राग आला मला! पण आरशात बघितलं तर खरंच तसं दिसत होतं.

त्या रविवारी ती वर आली आणि माझं कपाट उघडून सगळ्या साड्या, पंजाबी ड्रेस पलंगावर काढून टाकले. "आधी काय हाय ते बघ. मग लोकर आण. लोकर आणून मग साडी शोधत बसतीस, म्हणून तुझं काही कशावर जात न्हाई." ती खेडकडची, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. तिनं माझ्यासाठी तीन रंग काढले. शेवाळी, विटकरी आणि दुधाळ पांढरा. एकमेकांवर चालतील आणि निम्म्याहून जास्त साड्यांवरही जातील असे. फुलं बाद, गोंडे बाद. मी म्हटलं, "ताई, म्हणजे मी अगदीच साधी का?" तर म्हणाली, "साधी न्हाईस तू, घाईतली हायेस. तुला खिसे लागतात." हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. गळ्यातलं आयकार्ड, स्टोअरच्या किल्ल्या, पेन, फोन, सगळं हातात धरून मी आयुष्यभर धावत होते.

मग एकेक होत गेलं. साडीवर घालायला बिनबाह्यांचं जाकीट, कमरेपर्यंतच, म्हणजे निऱ्या झाकायच्या नाहीत. ड्रेसवर लांब, सरळ, दोन खिशांचं. ऑफिसला पातळ सुताचं, कोपरापर्यंत बाहीचं. बससाठी जाड, पूर्ण बाह्यांचं. आणि एक स्टोल, जो सगळ्यांवर चालायचा. एवढ्यावर माझं वर्ष निघायचं.

आमच्या दोघींची अंगं एका मापाची. नवी सून होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, एकाच साच्यातून काढल्यात जणू. स्वतःची पाठ काही स्वतःला दिसत नाही. त्यामुळे माझं माप मी तिच्या पाठीवर घ्यायचे. टेप कधी वापरली नाही. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत दोन विती आणि वर दोन बोटं. भाजी निवडता निवडता ती पाठ करून बसायची आणि मी अर्धवट विणलेलं तिच्यावर लावून बघायचे. "गुदगुल्या करू नको, मेले," म्हणायची. एक माझ्यासाठी झालं की दुसरं तिच्यासाठी. तिला गडद जांभळा फार खुलायचा.

मग जमिनीचं निघालं. चाकणकडे सासऱ्यांची जमीन होती, रस्त्याला लागून. पुढचा तुकडा कुणाचा यावरून दोघा भावांनी डोक्यात राख घालून घेतली. एके दिवशी जिन्यात एवढी वादावादी झाली की सगळी गल्ली गोळा झाली. महिन्याभरात मोठे दीर बिऱ्हाड घेऊन चिखलीला राहायला गेले. टेम्पोत सामान भरताना मी वर गॅलरीत उभी होते. तिनं मान वर करून बघितलं. मी खाली गेले नाही, ती वर आली नाही. नवरे भांडलेत म्हटल्यावर बायकांनी कसं बोलायचं?

आणि तो अबोला चालू राहिला. लग्नाकार्यात, बारशाला, दहाव्याला भेट व्हायची. ती एका ओळीत जेवायला, मी दुसऱ्या. डोळ्याला डोळा भिडला की दोघी पदर नीट करायचो. माझा जीव तुटायचा. वाटायचं, तिला घरून सक्त ताकीद असणार, आपण बोलायला जायचो आणि घरी तिलाच ऐकून घ्यावं लागायचं.

विणणं थांबलं नाही, पण त्यात काही राम राहिला नाही. पिंपरीच्या बाजारात जायचे, दुकानदार लोकरीचा ढीग समोर टाकायचा आणि मी बघत बसायचे. मरून रंग घेतला, तो माझ्या कुठल्याच साडीवर गेला नाही. मोरपंखी घेतला, तो अर्ध्यात सोडला. पाठ तर दर वेळी बिघडायची. एक खांदा खाली, एक वर. नवऱ्याला म्हटलं, जरा पाठमोरे उभे राहा, तर म्हणाले, "मी काय खुंटी आहे का?" जुनी शेवाळी, विटकरीच तेवढी घालत राहिले. कोपरं झिजली तर रफू करून घातली.

ती गेली त्याच्या आधीच्या कार्तिकात नणंदेच्या मुलीचं लग्न होतं, मोशीच्या एका कार्यालयात. मुहूर्ताला वेळ होता. मी वधूपक्षाच्या खोलीत हारांची पिशवी सांभाळत बसले होते. ती आत आली. मी ओळखलंच नाही आधी. साडी तिचीच, पण अंगावर नुसती टाकल्यासारखी. माझ्याकडे बघितलं, माझ्या शेवाळी जाकिटाकडे बघितलं, सरळ माझ्यापर्यंत आली आणि पाठ करून उभी राहिली.

"एक माझ्यासाठी घे विणायला," म्हणाली. "गळा वर पाहिजे. मानेला लई गार लागतं आता."

मी वीत लावली. पहिल्यांदा वाटलं, चुकलंच. परत लावली. दोन विती पुरत्या भरल्या नाहीत. बोटांखाली नुसती हाडं.

"ताई, हे काय?"

"पोटाचं हाय. औषधं चालू हायेत." मग मान न वळवता विचारलं, "किती भरलं?"

"तेवढंच," मी म्हटलं.

"खोटारडी," ती म्हणाली. तेवढ्यात नणंद हार मागत आली आणि आम्हाला निघावं लागलं.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, आज काय व्हायचं ते होऊ दे. नवरा टीव्ही बघत होता. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "उद्या मी चिखलीला जाणार. ताईंकडे. तुम्ही नाही म्हणालात तरी जाणार."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी वेडीच झालेय. "जा की. मी कशाला नाही म्हणू?"

"जमिनीचं..."

"ते आमचं आहे, कोर्टात चालू आहे. तारखेला जातो, दोघं चहा घेतो, घरी येतो. परवाच दादा भेटला होता."

मी टीव्ही बंद केला. म्हटलं, "मग तिच्या दुखण्याचं तुम्हाला माहीत होतं?"

"दादानं सांगितलं होतं. पण तुमच्या दोघींचं काहीतरी बिनसलंय म्हणून मी विषय काढला नाही. बायकांच्या भांडणात कशाला पडा?"

बायकांचं भांडण! मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून गडद जांभळी लोकर घेतली, मऊ, आणि चिखलीला गेले. मोठ्या दिरांनीच दार उघडलं, "ये, ये, किती दिवसांनी," म्हणाले आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेले. ती पलंगावर बसली होती. जवळ बसून मी हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला भाऊजींनी कधी म्हटलं होतं का, माझ्याशी बोलू नको म्हणून?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "मला वाटायचं तुला मनाई हाय. तुझ्या घरात कशाला कलागत, म्हणून मी लांब ऱ्हायले."

"मलाही कुणी म्हटलं नव्हतं."

ती आधी हसली. मोठ्यानं हसली, खोकला लागेपर्यंत. मी पाणी दिलं, पाठ चोळली. मग तिचे डोळे वाहायला लागले आणि ते काही थांबेनात.

"म्हंजे आपणच?" ती म्हणाली.

"आपणच, ताई."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बोटांवर मोजायला लागली. "सासूबाईंचं वर्षश्राद्ध, तेव्हा बोललो न्हाई. तुझ्या पोराची बारावी. माझ्या लेकीचं पहिलं बाळ, तू बारशाला आली व्हतीस, लांब बसली व्हतीस. तुझं गुडघ्याचं आपरेशन..."

मी तिचा हात धरला. "ताई, राहू द्या. नका मोजू."

तिनं हात सोडवून घेतला आणि पुढचं बोट धरलं.