अकोल्याहून सत्तारभाई आणि मंडळी

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावून नंबर जोडून देणं, एवढंच काम मी जन्मभर केलं. पण आमच्या गल्लीचा समज असा की, ज्याला वायर आहे ते सगळं पार्बताबाईला दुरुस्त करता येतं. मिक्सर अडला, बोलवा बाईला. टीव्हीवर मुंग्या आल्या, बोलवा बाईला. मी चिडते, दोन शब्द सुनावते आणि चष्मा घेऊन जाते. तशीच एका दुपारी अब्दुल सत्तारांच्या घरी गेले.

सत्तारभाई म्हणजे आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातले गादीवाले. जात पिंजाऱ्याची, हात कापसाचा. तरुणपणी ते मोठी धनुकली खांद्याला लावून दारोदार कापूस पिंजत फिरायचे. पुढे दुकान टाकलं, मशीन घेतलं. भुवयांवर कायम पिंजलेला कापूस बसलेला असायचा, त्यामुळे हा माणूस तिशीतच म्हातारा दिसायचा आणि साठीतही तसाच राहिला. दुकानात एक रेडिओ सकाळी लागायचा तो शटर पडेपर्यंत बोलत राहायचा.

त्या रेडिओपायी त्यांनी गोतावळा जमवला. बाजारात कापूस विकायला आलेले खुशालराव, वामनराव, नत्थुजी असे खेड्यांतले शेतकरी भाव ऐकून तोंड वाकडं करत आणि सत्तारभाईंच्या गाद्यांवर येऊन टेकत. तिथेच फर्माइशीची पोस्टकार्डं लिहिली जात. एका गाण्याखाली सगळ्यांची नावं. मग रेडिओवर निवेदक म्हणायचा, "अकोला से अब्दुल सत्तार, रजियाबी, जुबेर, नगमा, खुशालराव, वामनराव, नत्थुजी..." आणि आपलं नाव दिल्ली-भोपाळपर्यंत गेलं म्हणून ही मंडळी दिवसभर फुगलेली असायची. रजियाबी ही सत्तारभाईंची बायको, जुबेर आणि नगमा ही मुलं. ती पाळण्यात होती तेव्हापासून त्यांची नावं रेडिओवर गाजत होती.

पुढे दिवस पालटले. फोमच्या गाद्या आल्या आणि कापूस पिकवणाऱ्याला कापूस नकोसा झाला. वामनराव वावर विकून मुलाकडे पुण्याला गेले. एका सकाळी वावरात गेलेले खुशालराव परत आले नाहीत. त्यावर मी जास्त लिहीत नाही, वऱ्हाडात ते कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण फर्माइशीत दोघांची नावं तशीच राहिली. मी एकदा सत्तारभाईंना टोकलंच, "काहून हो, गेलेल्या मानसाची कसली फर्माइश?"

"बाई," ते म्हणाले, "जो मंडळात आला तो आला. आपून कोन त्याले काढनारे?"

त्यांनी ते कधी मोडलं नाही. पुढच्या गोष्टीसाठी हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

जुबेर बापाच्याच दुकानात बसायचा. हसरा पोरगा, हात बापापेक्षा हलका. पण गाद्या भरून घेणारं गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा तो हंगामात रोजानं फवारणीला जाऊ लागला. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. खाली फवारायचं औषध तोंडाच्या उंचीवर फवारावं लागत होतं, ते उलटून अंगावरच यायचं. जुबेर एक दिवस संध्याकाळी घरी आला तो डोळे चोळत. रात्री उलट्या झाल्या. दवाखान्यात नेला, तिथून तो परत आला नाही. त्या साली असे पुष्कळ गेले. पेपरात त्यांचा आकडा आला, नावं आली नाहीत.

त्यानंतर त्या घरात जुबेरचं नाव कोणी घेईना. रजियाबी, त्याची आई, पहिल्यापासून कमी बोलणारी. ती तर मुकीच झाली. त्याचे कपडे कुठे गेले, त्याची सायकल कोणाला दिली, काही विचारायची सोय नव्हती. सत्तारभाई बोलायला जात तर ती उठून स्वयंपाकघरात निघून जाई. दोघं एका ताटात जेवायची आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची नाहीत.

नगमा तेव्हा लग्न होऊन अमरावतीला होती, नांदगाव पेठच्या कापड कारखान्यात कामाला. तिनं बापाचं मन रमावं म्हणून वायफायवर चालणारा एक स्पीकर आणून दिला आणि घरात इंटरनेट बसवून घेतलं. कोणी एक म्हातारा निवेदक निवृत्तीनंतर आपल्या घरातून 'संगत' नावाचा इंटरनेट रेडिओ चालवत होता. जुन्या पद्धतीनं, रविवारी चारला फर्माइशी. फरक एवढाच की पोस्टकार्डाऐवजी व्हॉट्सॲपवर निरोप धाडायचा. सत्तारभाईंना हरवलेलं गाव सापडल्यासारखं झालं. पण तो रेडिओ मध्येच तुटायचा आणि म्हणून मला बोलावणं आलं.

"बाई, दिवसभरातून कितीदा बंद पडते. तुमी खात्यातल्या, पाहा बरं."

"माझं खातं तारेचं होतं, हे बिनतारी हाये," मी म्हटलं. पण पाहिलं. स्पीकर लोखंडी कपाटात, दार लावून ठेवलेला. का, तर धूळ बसते. तो बाहेर काढला. मग राउटर पाहायला गेले आणि कपाळावर हात मारला. या गृहस्थांनी राउटरला चक्क गादी शिवली होती! चारी बाजूंनी टाचलेली, आत कापूस भरलेली, लहान बाळाच्या दुपट्यासारखी सुबक खोळ. घरात कापसाची तूस उडते, ती मशीनमध्ये जाऊ नये म्हणून. राउटर आत तापून तव्यासारखा झाला होता. तापला की बंद पडायचा, निवला की चालू व्हायचा.

"सत्तारभाई, अकोल्याच्या उनात त्याले रजई पांघरता?"

ते ओशाळले. "वस्तू जपाव म्हटलं बाई." नत्थुजी कोपऱ्यात बसून खो खो हसत होते. जुन्या मंडळींतले ते एकटेच उरले होते आणि दर रविवारी बसनं यायचे. मीही हसले. स्वयंपाकघराच्या दारातून रजियाबीनं एकदा पाहिलं आणि ती आत गेली.

खोळ काढल्यावर रेडिओ आठवडाभर धड वाजला. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. पण रविवारी संध्याकाळी सत्तारभाई माझ्या दारात उभे. फर्माइशीत पुन्हा तुटला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. मी राउटर उंच फळीवर ठेवला, स्पीकरच्या जवळ आणला, सगळं बंद करून परत चालू केलं, कंपनीच्या पोराला बोलावून वायर बदलून घेतली. सोमवार ते शनिवार रेडिओ तक्रार करू देईना आणि रविवारी नेमका नावांच्या वेळेला गप्प. मला त्या डब्याचा असा राग आला की तो मोरणा नदीत नेऊन टाकावा.

"एवढं काय अडते हो?" मी एकदा वैतागून म्हटलं. "नावं हुकली तर हुकली. गाणं तर आयकाले भेटते."

सत्तारभाईंनी स्पीकरवरची तूस बोटानं टिपली. मग म्हणाले, "गाणं कोनाले पाह्यजे बाई? या घरात त्याचं नाव कोनी घेत नाई. रजियाबीसमोर मले घेता येत नाई. तो रेडिओवाला तेवढा घेते. आठ दिवसातून एकदा आपल्या पोराचं नाव कानावर पडाव, एवढंच हाये. अन् नेमकं तठीच तुटते."

मला बोलल्याचं वाईट वाटलं. त्या क्षणी मी ठरवलं की हे नाव या माणसाला ऐकवायचंच. मी त्यांना राउटरचे दिवे शिकवले. लाल दिवा लागला तर कंपनीची लाइन गेली. सगळेच दिवे विझले तर राउटरला करंटच नाही. "या रविवारी रेडिओकडे लक्ष देऊ नका," मी सांगितलं, "दिव्यावर नजर ठेवा. चोर तठीच सापडते."

रविवारी मी चारच्या आधीच गेले. सत्तारभाई राउटरसमोर खुर्ची टाकून बसले. नत्थुजी स्पीकरजवळ. निवेदक आपल्या संथ आवाजात एकेका राज्यातली नावं वाचत होता. मला पाणी हवं होतं म्हणून मी स्वयंपाकघरात गेले.

रजियाबी भिंतीला लागून उभी होती. इन्व्हर्टरची लाइन त्या घरात फक्त स्वयंपाकघराच्या बोर्डाला होती, म्हणून राउटरची वायर तिथूनच ओढलेली. तिचा हात त्या बोर्डावर होता. बाहेर निवेदक म्हणाला, "अब चलते हैं महाराष्ट्र की तरफ़," आणि तिनं बटण दाबलं. रेडिओ लगेच थांबला नाही. असले रेडिओ थोडा आवाज पुढचा साठवून ठेवतात, तेवढा वाजतो आणि मग बंद होतात. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, सवयीनं कळलं होतं. निवेदकानं आणखी दोन गावं घेतली आणि अकोल्याच्या आधी आवाज तुटला.

मी पाहिलं हे तिनं पाहिलं. मी तोंड उघडणार, तर तिनं माझा हात धरला.

"आवाज करू नका बाई. त्यायले सांगू नका."

"अवो पन काहून? तो मानूस एका नावासाठी तडपून राह्यला."

"मले मालूम हाये." मी कित्येक महिन्यांनी तिचं एवढं बोलणं ऐकत होते. "तो रेडिओवाला सगळी नावं घेते अन् आखरीले म्हनते, जीते रहिए. पयल्या रविवारी जुबेर म्हनला अन् मंग म्हनला, जीते रहिए. कोनाले म्हनते तो? माया पोराले? मी दरवाज्याकडे पाह्यत बसली बाई. दिवस बुडेपर्यंत पाह्यत बसली."

तिनं बटण परत चालू केलं आणि पदर तोंडात कोंबला. मी तिला जवळ घेतलं. मला रडू येत नाही असं लोक म्हणतात, पण त्या दिवशी आलं.

"रजियाबी," मी हळूच म्हटलं, "तुयं दुख मले समजते. पन त्याच्याजवळ दुसरं काय हाये? त्याले आयकू दे."

ती पाठमोरी झाली. मी डोळे पुसून बाहेर आले. सत्तारभाई खुर्चीवर तसेच बसले होते, नजर राउटरवर.

"कंपनीचीच लाइन गेली असन," मी त्यांना म्हटलं. टेलिफोन खात्यात मी हे वाक्य हजारदा बोलले असेन, एवढं जड कधी गेलं नाही.

"हव," ते म्हणाले, "कंपनीचंच असन." त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर पंखा फिरत होता. मला तेव्हा त्या पाहण्याचा अर्थ लागला नाही. दुसऱ्याला अक्कल शिकवणारी मी, मीच शिकवलेलं विसरले होते.

पुढच्या रविवारी ते मला बोलवायला आले नाहीत. मी आपण होऊन गेले. रजियाबी स्वयंपाकघरात नव्हती. मधल्या खोलीच्या दारात, चौकट धरून उभी होती. बोर्डापासून लांब. तिच्या चेहऱ्याला रंग नव्हता, पण ती हलली नाही. माझ्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि मला कळलं की आज ती ऐकणार आहे. नवऱ्यासाठी ऐकणार आहे. मी नत्थुजींच्या शेजारी बसले.

"अब चलते हैं महाराष्ट्र की तरफ़." रेडिओ चालूच राहिला. एक गाव गेलं, दुसरं गेलं. "अकोला से, अब्दुल सत्तार, रजियाबी, नगमा, खुशालराव, वामनराव और नत्थुजी. आप सब जीते रहिए." आणि गाणं सुरू झालं.

नत्थुजींनी सत्तारभाईंकडे पाहिलं, मी पाहिलं. ते मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

"त्याचं नाव?" रजियाबीनं विचारलं.

"काढलं म्या," सत्तारभाई म्हणाले. "मांगच्या रविवारी दिवे विझले तवा पंखा चालू होता. करंट घरात होता, बटन घरातल्याच मानसानं दाबलं. तुले तरास होते म्हून काढलं."

"मी आज आयकाले उभी होती," रजियाबी म्हणाली. "तुमच्यासाठी."

ज्या माणसानं गेलेल्या खुशालरावांचं नाव काढलं नाही, त्यानं बायकोसाठी पोटच्या पोराचं काढलं होतं. आणि जिनं ते कानावर पडू दिलं नव्हतं, ती त्या दिवशी मन घट्ट करून त्याचीच वाट पाहत उभी होती. सत्तारभाईंनी तोंड झाकून घेतलं आणि ते लहान पोरासारखे रडले. नत्थुजी त्यांच्या पाठीवर हात फिरवत राहिले.

रजियाबी चौकट सोडून खोलीत आली. नवऱ्याच्या शेजारी खाली बसली. तिनं स्पीकरकडे पाहिलं आणि सरळ आवाजात, वाचायचं राहून गेलेलं वाचावं तसं म्हटलं, "जुबेर."

मग पुन्हा एकदा म्हटलं. गाणं चालूच होतं. ते शेवटपर्यंत वाजलं, कुठेही तुटलं नाही.